सबटायटलचा खर्च कोण करणार?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत युरोपियन सिनेमाला सरकारी पैसा कशाला, जो चालेल तो चालेल, असा सूर असलेला लेख वाचला आणि तो अजिबात पटला नाही.

एस्टोनियाची लोकसंख्या साधारण 13 लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढी पण नाही. तिथल्या भाषेत पिक्चर काढला तर फक्त तिथल्या तिकिटांवर खर्च निघणं अवघड, आणि बॉर्डर ओलांडली की भाषाच बदलते, मग सबटायटल, पब्लिसिटी, थिएटर सगळं नव्याने. हॉलिवूडला घरातच 30 कोटींच्या वर लोकांचं एकच मार्केट आहे, ही तुलनाच बरोबरीची नाही. म्हणून युरोपियन युनियनने 1991 मध्ये सिनेमाला पैशाची मदत करणारा मीडिया प्रोग्रॅम सुरू केला, आणि 2007 पासून युरोपियन संसदेच्या लक्स पुरस्कारातून निवडक पिक्चर सबटायटल करून दाखवतात, आता तर 24 भाषांत, हे मला तरी फार मोलाचं वाटतं.

आणि पैसा दरवेळी करदात्याच्या खिशातून जातो असंही नाही. फ्रान्समध्ये प्रत्येक सिनेमाच्या तिकिटातले 10.72 टक्के सीएनसी या सिनेमाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेकडे जातात, अमेरिकन पिक्चरचं तिकीट असलं तरी. म्हणजे गर्दी खेचणारे पिक्चरच लहान पिक्चरना हात देतात. ही पद्धत 1940 च्या दशकापासून आहे, लेखात तिचा साधा उल्लेखही नाही.

पुण्यात फेस्टिवलला रांगेत उभं राहून हे पिक्चर बघणारे माझ्यासारखे बरेच आहेत, ते पिक्चर आमच्यापर्यंत पोचतात त्यामागे अशी मदत बऱ्याचदा असते.

– एक वाचक, पुणे