फॉरमॅट मारू देऊ नकोस

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संज्या,

मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडायची मुख्य पाटी, बदलल्यापासून तुझ्या कॉम्प्युटरवर विंडोज सुरू होत नाही हे ऐकून फोन ठेवला आणि झोपच येईना म्हणून उठून लिहायला बसलो. फोनवर धड काही सांगता आलं नाही, तू घाबरलेला, आणि मागून तो दुकानवाला सारखं "फॉरमॅट मारावं लागेल" एवढंच म्हणत होता, म्हणजे डिस्क पूर्ण पुसायची. तर आधी हे ऐक, हार्ड डिस्कला कुणालाही हात लावू देऊ नकोस. मदरबोर्ड बदलला म्हणून डिस्कवरचं काही जात नाही रे. अण्णांच्या भजनाच्या कॅसेटी तू दोन वर्षं रात्री जागून एकेक करून कॉम्प्युटरवर घेतल्यास, त्या सगळ्या जशाच्या तशा आत आहेत. फॉरमॅट मारलं तर मात्र खरंच गेल्या समज, रिकव्हरीवाले काहीबाही परत काढतात पण फोल्डर आणि नावं विस्कटतात, मग कुठला अभंग कुठल्या सालचा ते कोण सांगणार?

एवढं ठामपणे सांगतोय कारण गेल्या दिवाळीत माझ्याकडे हेच झालं होतं. जुन्या बोर्डाचे कपॅसिटर फुगले आणि तो मेला, मी तसाच एच६१ प्रकारचा, दुसऱ्या कंपनीचा जुना बोर्ड आणून बसवला. पंखे फिरतायत, लाइट लागतेय, डिस्प्ले नाही. प्रोसेसरजवळची ती चार पिनची वेगळी वायर बघितली, लागलेली होती (ती राहिली तरी पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते, त्यामुळे ती आधी बघायची). रॅम काढून पट्ट्या खोडरबरने घासल्या, तरी नाही. मग बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, कारण कधीकधी खालचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खांब) नको तिथे टेकतो आणि शॉर्ट होतो. तसंही नव्हतं. शेवटी रॅम पूर्ण काढूनच चालू केला, असं केलं की बोर्डाचा छोटा स्पीकर बीप बीप ओरडायला पाहिजे, तो गप्प. म्हणजे प्रोसेसरच कामाला लागत नव्हता.

आणि मग डोक्यात आलं. एच६१ बोर्ड आले २०११ मध्ये, सँडी ब्रिज या इंटेलच्या प्रोसेसर पिढीसाठी. माझा प्रोसेसर आय५ ३४७० हा २०१२ चा, पुढच्या आयव्ही ब्रिज पिढीचा. सॉकेट तेच, ११५५, त्यामुळे बसतो बरोबर, पण बोर्डाचं बायोस (चालू होताना भाग ओळखणारा त्याच्या आतला प्रोग्राम) जुनं असेल तर ते त्याला ओळखतच नाही. एका ओळखीच्याकडून सँडी ब्रिजचा आय३ २१०० तासाभरासाठी आणला, बसवला, आणि लगेच डिस्प्ले! त्याच्यावर पेनड्राइव्हने बायोस अपडेट केलं आणि माझा आय५ परत टाकला तर आला की चालू. तो आनंद काय सांगू तुला.

पण पुढे विंडोज येईना, आणि इथूनच तुझी गोष्ट सुरू होते. गोल ठिपके फिरायचे, मग निळी स्क्रीन, "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस", आणि रीस्टार्ट. तुझ्याकडेही नेमकं हेच होतंय ना? म्हणजे तुझा बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळं ठीक आहे, विंडोज डिस्कवरून उठायला लागलंय पण मध्येच त्याच्या हातून डिस्क सुटतेय. माझ्या जुन्या बोर्डावर साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती पद्धत) जुना आयडीई होता, नव्यावर नवा एएचसीआय. विंडोज सुरू होताना फक्त जुन्या मोडचा ड्रायव्हर उचलत होतं. बायोसमध्ये जाऊन आयडीई केलं, सेव्ह केलं, आणि तेच माझं विंडोज, तोच वॉलपेपर, फक्त पहिल्यांदा "गेटिंग डिव्हाइसेस रेडी" म्हणत बराच वेळ घेतला, तेव्हा मध्येच बंद करायचं नाही.

तुझ्याकडे उलटं असू शकेल, किंवा रेड नावाचा तिसरा मोड असेल, म्हणून आधी बायोसच्या पानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेव. नंतर एएचसीआयवर जायचं असेल तर विंडोजच्या एमएसकॉन्फिग या खिडकीत सेफ बूट टिक करून रीस्टार्ट, बायोसमध्ये मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये (म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर) उठू द्यायचं आणि टिक काढायची. एसएसडी, म्हणजे ती वेगवान चिपवाली डिस्क, असेल तरच ही खटपट कर. आणि "रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" असं काळ्या स्क्रीनवर आलं असतं तर सीएसएम म्हणजे लेगसीचा (जुन्या पद्धतीने बूट करायच्या सेटिंगचा) घोळ असता, तुझं त्याच्या पुढे गेलंय. ४८ आकडी बिटलॉकर की (विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची किल्ली) मागितली तर मला फोन कर, अंदाजाने काही टाकू नकोस. अ‍ॅक्टिव्हेशन जाईल कदाचित, ते लायसन्स बहुतेकदा बोर्डाला बांधलेलं असतं, ते नंतर बघू.

पण हे सगळं कॉपी घेतल्यावर. शनिवारी सकाळच्या एसटीने येतोय, साटा ते यूएसबी केबल आणि एक टीबीची रिकामी डिस्क घेऊन. दुकानातून मशीन उद्याच घरी आण, डिस्कची केबल काढून ठेव, आणि डिस्क कापडात गुंडाळून अण्णांच्या कपाटात ठेव. मला आधी त्यांचा आवाज ऐकायचाय, त्या आषाढातला, पखवाजावर तू होतास तो. मग स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ. काकूंना सांग जेवायला आहे.

तुझा,
मन्या