पापणीखालची सावली

माशेल, गोवा
श्रावण

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चतुर्थीच्या मूर्तींनी चित्रशाळेत पाय ठेवायला जागा नाही, त्यामुळे मातीचे हात धुऊन वाचायला रात्र झाली. 'तुझी रेष पाठ केलेली आहे, तू समोर बघतच नाहीस' असं चित्रकलेच्या कॉलेजातले सर म्हणाले आणि त्या दिवशी तू जेवली नाहीस, हे वाचून आधी मला रागच आला. सहा वर्षांची असल्यापासून तू माझ्या शेजारी बसून सोंडेला वळण देतेस. मग दोन दिवस मूर्ती करताना मी माझ्याच हाताकडे लक्ष ठेवलं. सर खरं बोलले, बाय. माझा हातसुद्धा डोळ्याला विचारत नाही.

पण पाठ केलेली रेषही कधीतरी, कोणीतरी बघूनच काढलेली असते. आखणी करताना वरच्या पापणीखाली, डोळ्यातल्या पांढऱ्यावर आपण निळसर राखाडी रंगाचा हलका हात फिरवतो ना? तुझ्या आज्याने मला ते शिकवलं, कारण सांगितलं नाही. मी वर्षानुवर्षं तसंच करत राहिलो. तू चार महिन्यांची असशील. दुपारची जागी होऊन पाळण्यात टकमक बघत होतीस. माजघरातल्या जुन्या खिडकीला शिंपल्यांची तावदानं आहेत, त्यांतून दुधासारखा उजेड येत होता. वाकून बघतो तर तुझ्या डोळ्यातलं पांढरं वरच्या कडेला पांढरं नव्हतंच. पापणीची सावली पडली होती, निळसर राखाडी. म्हणजे आपल्या घरातला कोणी पूर्वज असाच एखाद्या पोरावर वाकला होता, आणि त्याने ते पाहिलं होतं. पुढच्यांनी त्याची रेष तेवढी उचलली. बघणं मागेच राहिलं.

गेल्या चतुर्थीची एक गोष्ट तुला सांगायची राहिली. शेवटची मूर्ती घरातून गेली, पूजा झाली, तुम्ही सगळी निजलात, आणि मी वही घेऊन माटोळीखाली, गणपतीच्या वर टांगलेल्या रानफळांच्या त्या चौकटीखाली बसलो. इतकी वर्षं मी स्वतः ती बांधतोय. कवंडळ, घागऱ्या, आंबाडे, तोरिंजन, सुपारीची शिपटी, सगळ्यांची नावं तोंडपाठ. काढायला घेतलं आणि हात अडला. कवंडळ मी सरळ लाल गोळा काढला. मान वर करून बघितलं तर त्या लालावर देठाकडून खाली केशरी पट्टे उतरलेले. सुपारीचा घड मी सरळ लोंबवला होता, तो तर देठाशी आधी बाहेर झेपावतो आणि मग वजनाने खाली येतो. नाव माहीत असलं की डोळा तिथून लगेच पुढे सरकतो, असं मला त्या रात्री वाटलं. पहाटेपर्यंत मी तीनच फळं काढली. तेवढं सुख मला मूर्ती रंगवतानाही फार कमी वेळा मिळालंय.

तेव्हापासून मी रोज थोडं बघतो. पावसात कुंपणाचा चिरा बघ: उन्हाळ्यात फिकट नारिंगी असतो, भिजला की पिकल्या भिरंडासारखा, कोकमासारखा गडद. तो पाणी पितो. मुंबईतला काळा दगड पाणी पीत नाही, ते त्याच्या अंगावरून ओघळतं आणि त्यात आभाळ चकाकतं. कॉलेजच्या वाटेवर असा दगड असेल, तो ओला असताना काढून पाठव. काळा रंग वापरू नकोस, तो निळ्या आणि तपकिरीतून मिसळून घे. पांढऱ्या भिंतीवरची झाडाची सावली तर मी आयुष्यभर राखाडी समजत आलो. ऊन लख्ख असताना ती निळी असते, कारण तिथे सूर्य पोचत नाही पण आभाळ पोचतं.

खाजनातल्या, खाडीकाठच्या शेतातल्या भाताचा हिरवाही एक नाही. लावणी झाल्यावर रोपांमध्ये पाणी दिसतं, म्हणजे अर्धा रंग आभाळाचाच. नंतर रोपं दाटतात, पाणी झाकलं जातं. डोळे किलकिले करून बघितलंस तर बारकावे गळून पडतात आणि कुठे काळोख, कुठे उजेड एवढंच उरतं. माडाची झावळी जमत नाही असं तू लिहिलंस. झावळी काढूच नकोस. दोन पात्यांमधल्या आभाळाचे तुकडे काढ. त्यांना नावं नसतात, म्हणून डोळा तिथे फसत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा पणजीला उतर, आपण तिथल्या फोंताईन्हास वाड्यात फुंदासाव ओरियेंत या पोर्तुगीज संस्थेत जाऊ. आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रं तिथे आहेत. 1870 साली सांगेत जन्मलेला माणूस, मुंबईला जे. जे.त शिकला, तिथेच शिकवू लागला. लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणत. त्यांची मुलगी आंजेलाही चित्रकार झाली. बाप आणि लेक एकाच घरात रंग कालवत असतील, हे मनात आलं की मला तुझी फार आठवण येते.

सरांवर राग धरू नकोस. त्यांच्यासमोर मूर्तीची सोंड काढून दाखवायची नाही म्हणून ती विसरूही नकोस.

आई म्हणते, जेवत जा. या वर्षी तू चतुर्थीला नाहीस. कवंडळं पिकली की मी दोन जपून ठेवीन, तू येईपर्यंत ती सुरकुततील, पण सुरकुतलेलंही काढता येतं. गेल्या वर्षीचं माटोळीचं चित्र सोबत पाठवतोय. उजवीकडचं तोरिंजन मला अजून पटलेलं नाही. बघ आणि कुठे चुकलं ते लिही.

तुझे
बाबा