संगणकावर मराठी नाव आणि बंद पडणारे प्रोग्रॅम

महोदय,

पुण्यातील छोट्या छापखान्यांचे, दुकानांचे आणि शाळांच्या कार्यालयांचे संगणक सांभाळण्याचे काम मी करतो. त्यात वारंवार भेटणारी एक अडचण आपल्या वाचकांपुढे मांडू इच्छितो.

सदाशिव पेठेतील एका छापखान्यात नवा विंडोज संगणक सुरू करताना मालकांनी वापरकर्त्याच्या खात्याला ‘कार्यालय’ असे नाव दिले. विंडोजने ते विनातक्रार स्वीकारले आणि त्याच नावाचा फोल्डरही तयार केला. पुढे बिले करण्याचा प्रोग्रॅम बसवला, तो मात्र उघडताच बंद पडू लागला. पडद्यावर ‘फोल्डर सापडत नाही’ एवढाच संदेश येई आणि नावाच्या जागी ओळीने आठ प्रश्नचिन्हे दिसत. विक्रेत्याच्या मदत केंद्राने विंडोज नव्याने टाकायला सांगितले. दोष नावाशी निगडित आहे, हे तेथे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

‘कार्यालय’मध्ये आपल्याला चार अक्षरे दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना संकेत-क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना आणि हलन्त यांना स्वतंत्र संकेत असल्याने त्यांचे आठ संकेत होतात. युनिकोड न वापरणारे प्रोग्रॅम विंडोजच्या ज्या जुन्या संकेतसारण्यांवर (अक्षरे आणि त्यांचे संकेत यांच्या तक्त्यांवर) चालतात, त्यांत देवनागरीची सारणी नाहीच. त्यामुळे प्रत्येक संकेताचे प्रश्नचिन्ह होते, आणि फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह विंडोजला मुळीच चालत नाही; म्हणून प्रोग्रॅमला खात्याचा फोल्डर सापडत नाही.

खुद्द संगणकाच्या नावाचीही हीच गत आहे. नेटवर्कवरील नावात रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच असावे, हा नियम १९८५ पासूनचा, आणि विंडोजच्या जुन्या नेटवर्क पद्धतीत नाव १५ अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाही. नावात अंडरस्कोर (_) घातला तरी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या काही प्रोग्रॅमना पत्त्यातून ते नाव वेगळे काढता येत नाही.

‘मराठी नावे देऊच नका’ हे यावरचे उत्तर मला मान्य नाही, कारण उपाय उपलब्ध आहेत. ॲपलच्या मॅक संगणकावर आपण दिलेले नाव तसेच दिसते आणि नेटवर्कसाठी नियमात बसणारे वेगळे नाव आपोआप बनते. ‘.भारत’ने संपणारे देवनागरी पत्तेही पडद्याआड रोमन संकेतांत बदलूनच चालतात. विंडोजवरील प्रोग्रॅमला जुन्या सारण्यांऐवजी यूटीएफ-८ (युनिकोडचे संकेत लिहिण्याची पद्धत) वापरण्याची सोय २०१९ पासून आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या जिस्ट विभागाने भारतीय भाषा संगणकावर आणण्यासाठी मोलाचे काम केले, त्या सी-डॅकचे मुख्यालय पुण्यातच आहे. म्हणून हिंजवडी-खराडीतील सॉफ्टवेअर कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रत्येक प्रोग्रॅम विक्रीस काढण्यापूर्वी ‘ज्ञानेश्वर’ अशा नावाच्या खात्यावर तो एकदा चालवून पाहावा, आणि नाव चालणार नसेल तर तसे स्पष्ट शब्दांत बसवतानाच सांगावे.

तोवर वाचकांनी खाते उघडताना छोटे रोमन नाव द्यावे आणि नंतर सेटिंगमधून दर्शनी नाव मराठीत बदलावे. खात्याचे नाव बदलले तरी फोल्डरचे मूळ नाव बदलत नाही. आधीच मराठीत तयार झालेल्या खात्याला यामुळेच नाव बदलून गुण येत नाही. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकण्याऐवजी रोमन नावाचे नवे खाते उघडून फाइली तिकडे हलवाव्यात.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, पुणे