हुर्यो म्हणजे भविष्यवाणी नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर, फुटबॉल क्लबांनी नवा मॅनेजर नेमला की चाहते जो गोंधळ घालतात त्यावर एक लेख आला होता. लेखकाचा सूर असा, की चाहत्यांना खेळातले फारसे कळत नाही, ते भावनेच्या भरात बोंब मारतात आणि वर्षभरात तोंडावर आपटतात. पुराव्याला अर्थातच इटलीतल्या युव्हेंटस क्लबचे एकेकाळचे मॅनेजर अलेग्री. हल्ली या विषयावर कुणीही लिहायला बसले की पहिल्या परिच्छेदात अलेग्रींच्या गाडीवर अंडी फुटतात आणि शेवटच्या परिच्छेदात त्यांच्या हातात चषक येतो.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. मी युव्हेंटसचा चाहता, आणि जुलै २०१४ मध्ये अंडीवाल्यांच्या पक्षात होतो. तिथवर जाऊन अंडी मारणे शक्य नव्हते म्हणून घरातल्या घरात चरफडलो, एवढाच फरक.

१५ जुलैला आधीचे मॅनेजर कॉन्ते यांनी युव्हेंटस सोडले. तीन मोसमांत तीन विजेतेपदे, त्यातही शेवटच्या मोसमात १०२ गुण, असा माणूस सराव नुकता सुरू झालेला असताना उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर मास्सिमिलियानो अलेग्री. सहाच महिन्यांपूर्वी मिलान क्लबने ज्यांना घरी पाठवले होते, ते. सासुओलोसारख्या पहिल्यांदाच वरच्या श्रेणीत आलेल्या संघाकडून मिलान ४-३ असे हरले आणि बेरार्डी नावाच्या १९ वर्षांच्या पोराने ते चारही गोल एकट्याने मारले, त्यानंतर ही हकालपट्टी झाली होती. शिवाय मधल्या फळीत खेळणाऱ्या पिर्लोचे प्रकरण होतेच. अलेग्रींच्याच कारकिर्दीत, २०११ मध्ये, मिलानने पिर्लोला जाऊ दिले, तो फुकटात आमच्याकडे आला आणि त्याच्या पायांवर आम्ही तीनदा लीग जिंकलो. ज्यांच्या संघात त्याला जागा उरली नव्हती, तेच आता त्याचे साहेब होऊन आले. विनोव्होच्या सराव केंद्राबाहेर लोकांनी गाडीला लाथा घातल्या त्या अशा पार्श्वभूमीवर.

पुढचे सगळ्यांना पाठ आहे. लागोपाठ पाच लीग विजेतेपदे, लागोपाठ चार वेळा कोप्पा इटालिया हा इटलीतला चषक, २०१५ आणि २०१७ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेची अंतिम फेरी. म्हणजे मी सपशेल चुकलो, असे आपल्या लेखकाचे म्हणणे.

मी सामन्यांच्या नोंदी वहीत ठेवतो, गेली तीसेक वर्षे. लेख वाचल्यावर २०१४ ची वही काढली. १६ जुलैच्या पानावर चार ओळी आहेत. पहिली छापण्याजोगी नाही. दुसरी पिर्लोबद्दल. तिसरीत कॉन्तेंवरचाच राग आहे. चौथी अशी: ‘आम्हाला कोण विचारतो?’ युव्हेंटस आता हरणार, असे त्या पानावर कुठेही लिहिलेले नाही. मला वाटत होते की मी तसे लिहिले असेल, नव्हते. भाकीत केलेच नव्हते, तर ते चुकणार कसे?

चाहत्यांचा विरोध म्हणजे निकालाचा अंदाज, असे एकदा गृहीत धरले की पुढचा सगळा हिशेब सोपा होतो. जिंकले की चाहते मूर्ख, हरले की शहाणे. प्रत्यक्षात मैदानावर काय होते ते लंडनच्या चेल्सी क्लबात पाहा. १९ मे २०१२ रोजी मॅनेजर दि मात्तेओ यांनी म्युनिकमध्ये, बायर्नच्याच घरात, चेल्सीला पहिली चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. २१ नोव्हेंबरला त्यांना काढले. आदल्या रात्री युव्हेंटसने त्यांना ३-० असे हरवले होते (त्या रात्री मी फार खूश होतो, हे कबूल करायला हवे). जागी आले राफा बेनिटेझ. हेच बेनिटेझ लिव्हरपूलचे मॅनेजर असताना २००५ आणि २००७ मध्ये चेल्सीला उपांत्य फेरीत बाहेर काढून गेले होते आणि चेल्सीच्या मैदानावर वाटल्या जाणाऱ्या झेंड्यांवरून त्यांनी टोमणाही मारला होता. आमच्या प्रेक्षकांना झेंडे वाटावे लागत नाहीत, अशा अर्थाचा. हे असले बोलणे माणूस विसरतो. ज्याच्या हातात झेंडा असतो तो विसरत नाही.

पहिल्याच सामन्यात स्टॅमफर्ड ब्रिजने, म्हणजे चेल्सीच्या मैदानाने, बेनिटेझची हुर्यो उडवली. खेळाडू म्हणून दि मात्तेओंच्या पाठीवर १६ हा आकडा असायचा, म्हणून सोळाव्या मिनिटाला टाळ्या. पुढेही सोळावे मिनिट आले की टाळ्या सुरूच. क्लबने बेनिटेझना पद दिले तेही ‘हंगामी’ असे शेपूट लावून. फेब्रुवारीत मिडल्सब्रोचा सामना जिंकल्यावर त्या शब्दावरून ते एकदाचे फुटले आणि मोसमाअखेर आपण जाणार असल्याचे सांगून टाकले. १५ मे २०१३ रोजी ॲमस्टरडॅममध्ये इव्हानोविचने सामना संपता संपता, भरपाईच्या वेळेत डोक्याने गोल केला, चेल्सीने युरोपा लीग जिंकली, लीगमध्ये तिसरे आले. म्हणून काय पाच महिन्यांच्या हुर्योबद्दल कुणी माफी मागितली? मागायचे कारणही नव्हते. ‘तुम्हाला चषक मिळवता येणार नाही’ असे त्यांना कुणी म्हणतच नव्हते.

आता थोडे स्वतःविषयी, कारण या प्रकरणात मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूलाही बसलो आहे. मी गोलरक्षक. आंतर-कार्यालयीन लीगमध्ये अकरा मोसम एकाच संघाच्या जाळ्यापुढे उभा राहिलो. शेवटच्या मोसमात शेवटच्या सामन्यात मी एक पेनल्टी अडवली आणि समोरच्या संघाचे विजेतेपद गेले. दोन वर्षांनी माझी बदली झाली ती नेमकी त्याच कार्यालयात. तिथल्या वरिष्ठांनी, मोठ्या कौतुकाने, संघ माझ्या हवाली केला. आधीचे प्रशिक्षक सतरा वर्षे तिथे होते. सामन्याच्या दिवशी पहाटे येऊन मैदानावर फक्की स्वतः मारायचे. त्यांना ही बातमी सूचना फलकावरच्या टंकलेल्या कागदावरून कळली.

पहिल्या दिवशी गेलो तर चेंडूंची जाळी झाडाला टांगलेली, सगळे चेंडू बसलेले, पंप जागेवर आणि सुई गायब. कुणी काही बोलले नाही. मुले मुकाट्याने फेऱ्या मारत राहिली. भाषण करायचा मोह फार झाला, पण इंग्लिश मॅनेजर ब्रायन क्लफ यांची गोष्ट ठाऊक होती. १९७४ मध्ये ते लीड्सला गेले. वर्षानुवर्षे ज्या संघाला ते जाहीरपणे नावे ठेवत होते, त्याच संघाचे मॅनेजर म्हणून. मिळवलेली पदके कचऱ्यात टाका, कारण ती सरळ मार्गाने मिळवलेली नाहीत, असे ते सुरुवातीलाच म्हणाल्याचे त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे सांगितले. ४४ दिवसांत क्लफ बाहेर. हाच माणूस पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला जाऊन लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकतो, म्हणजे अक्कल नव्हती असे म्हणायची सोय नाही. मी भाषण केले नाही. दुसऱ्या दिवशी येताना खिशात नवी सुई आणली.

ज्याची पेनल्टी मी अडवली होती तो संघाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू होता. तीन वर्षांत त्याने मला ‘सर’ म्हटले नाही की नावाने हाक मारली नाही, ‘अहो’वर भागवले. खेळात मात्र कसूर नाही, सांगितलेले सगळे करायचा. तिसऱ्या वर्षी आम्ही लीग जिंकलो. चषक घेऊन पोरे आधी जुन्या प्रशिक्षकांच्या घरी गेली आणि मग कार्यालयात आली. मला राग आला. आठवडाभर टिकला. मग लक्षात आले, की चषक जिंकल्याने त्या टंकलेल्या कागदाचे काय होणार होते? तो कागद माझ्या सहीचाही नव्हता, पण त्यावर नाव माझे होते.

आपल्या लेखात जे उदाहरण असायला हवे होते आणि नव्हते, ते इंग्लंडमधल्या संडरलंड क्लबचे. ३० मार्च २०१३ ला मार्टिन ओ’नील यांना काढले, दुसऱ्या दिवशी पाओलो दि कानिओ यांना आणले. सात सामने उरले होते आणि संघ खालच्या श्रेणीत घसरण्यापासून एका गुणावर होता. दि कानिओ यांनी २००५ मध्ये लाझिओकडून खेळताना प्रेक्षकांकडे हात ताठ करून फॅसिस्ट सलामी दिली होती. आपण फॅसिस्ट आहोत, वंशद्वेष्टे नाही, असेही ते तेव्हा म्हणाले होते. क्लबचे उपाध्यक्ष, ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांनी लगेच राजीनामा दिला. पण मला महत्त्वाची वाटते ती खाणकामगारांची मागणी. संडरलंडचे स्टेडियम ऑफ लाइट उभे आहे त्या जागी पूर्वी मंकवेअरमथची कोळशाची खाण होती. १९९३ मध्ये ती बंद पडली, चार वर्षांनी तिथे फुटबॉल आला. मैदानाबाहेर खाणीतल्या दिव्याची मोठी प्रतिकृती आहे. डरहॅमच्या खाणकामगार संघटनेने क्लबला कळवले, की आमचे मैदानात ठेवलेले निशाण आम्हाला परत द्या.

पहिल्या पत्रकार परिषदेत दि कानिओ राजकारणावर बोलायलाच तयार नव्हते. गदारोळ वाढल्यावर दुसऱ्या दिवशी, फॅसिझमला आपला पाठिंबा नाही, असे निवेदन निघाले. १४ एप्रिलला संडरलंडने शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्धी न्यूकासलला त्यांच्याच मैदानावर ३-० असे धुतले. दि कानिओ चांगला सूट घालून गवतावर गुडघ्यांनी घसरत गेले. संडरलंडच्या माणसाला याहून मोठे सुख नसते. माझ्या भाच्याचा फोन आला, ‘मामा, आता बोला!’

काय बोलणार? निशाण परत मागणाऱ्यांनी न्यूकासलकडून हरू असे म्हटलेच नव्हते. तीनच्या जागी तेरा गोल झाले असते, तरी खाणीवर उभ्या राहिलेल्या मैदानात त्या निशाणाने कुणाच्या शेजारी राहायचे, हा प्रश्न होता तिथेच राहिला असता. सप्टेंबरमध्ये, नव्या मोसमात पाच सामन्यांत एकच गुण मिळाल्यावर, दि कानिओंना काढले. तेव्हा मी भाच्याला फोन केला नाही. हरल्यामुळे कामगार बरोबर ठरले असे म्हणायचे, तर जिंकल्यामुळे ते चुकले असेही म्हणावे लागेल.

ॲलेक्स मॅक्लिश यांचे उदाहरण चाहत्यांच्या बाजूने हमखास दिले जाते, तेही मला नको. बर्मिंगहॅम सिटीला लीग कप जिंकून देऊन त्याच मोसमात खालच्या श्रेणीत घसरलेले मॅक्लिश जून २०११ मध्ये ई-मेलने राजीनामा देतात आणि आठवडा उलटायच्या आत त्याच शहरातल्या ॲस्टन व्हिलाचे मॅनेजर होतात. व्हिला पार्कबाहेर निदर्शने झाली. मोसमात ३८ सामन्यांपैकी सात जिंकले, सतरा बरोबरीत सोडवले, सोळावा क्रमांक आला, नोकरी गेली. ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ म्हणायला सोयीचे आहे खरे.

त्यापेक्षा मला टॉटनहॅमचे चाहते आवडतात. १९९८ मध्ये त्यांच्या माथी जॉर्ज ग्रॅहम मारले गेले, कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलचे माजी खेळाडू आणि आर्सेनलला दोनदा लीग जिंकून देणारे मॅनेजर. सहा महिन्यांत ग्रॅहमनी लीग कप आणला. आता चाहत्यांच्या गाण्यात मॅनेजरचे नाव घेणे आले. यांनी ते घेतले नाही; ‘रेनकोटवाला माणूस’ म्हणत गाणे गायले. चषक घेतला, टाळ्या वाजवल्या, नाव तेवढे तोंडातून काढले नाही. माझ्या स्टॉपरच्या ‘अहो’ची आठवण येते.

मॅनेजर मतदानाने निवडावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. मतदान झाले असते तर मी अलेग्रींना पाडले असते आणि पाच विजेतेपदांना मुकलो असतो. संचालकांनी नेमणूक जरूर करावी. पण नेमताना, हा माणूस लोकांना का खुपेल हे त्यांना ठाऊक असतेच, तर ते उघडपणे बोलावे. ‘निकाल येऊ द्या, सगळे शांत होतील’ या भरवशावर बसू नये. मला त्या कार्यालयात कुणी आधी सांगितले असते, की जुन्या प्रशिक्षकांना अजून काही कळवलेले नाही, तर मी कागद लागण्याआधी त्यांना भेटून आलो असतो.

आणि आपल्याला एक विनंती, जिच्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले आणि ते लांबले. नको असलेल्या मॅनेजरने काही जिंकले, की आपल्या क्रीडा पानावर ‘टीकाकारांची तोंडे बंद’ असा मथळा येतो. गेल्या वर्षभरात मी असे चार कापून वहीत चिकटवले आहेत. तो मथळा कृपया बंद करावा. जिंकल्याची बातमी जिंकल्याची म्हणून द्या.

आपला,
एक निवृत्त गोलरक्षक

ता. क. – पत्र पाकिटात घालण्यापूर्वी भाच्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, अलेग्री २०२१ मध्ये युव्हेंटसला परत आले ते लिहिले नाहीस. खरे आहे. मे २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा कोप्पा इटालिया जिंकली, अंतिम सामन्यात पंचांवर भडकून अंगातला कोट भिरकावला आणि दोन दिवसांनी क्लबने त्यांना काढून टाकले. त्या दिवशीचे वहीचे पान कोरे आहे.