युरिया टाकू नकोस, थांब

कळवा, ठाणे

प्रिय पक्या,

युरिया टाकू नकोस. आधी पालकाच्या वाफ्यातलं पाणी काढ, बाकीचं मग. काल फोनवर तू घाईत होतास, आणि व्हॉट्सॲपवर मी लिहायला बसलो की मुलगी म्हणते, बाबा, एवढा मोठा मेसेज कोण वाचतं? म्हणून हे पत्र.

फोटो मोठे करून पाहिले. खालची पानं पिवळी, वरची मलूल, आणि पाणी घोट्याला. पाण्यात उभा असलेला पालक सुकतो कसा, हा तुझा प्रश्न रास्त आहे. तो खरोखरच तहानलेला आहे. मुळांनाही श्वास लागतो, आणि ती हवा मातीच्या कणांमधल्या पोकळीत असते. तिथे पाणी भरलं की संपलं. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. शिवाय पाण्यात तो असतो तरी किती? ३० अंश तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम, तर लिटरभर हवेत अडीचशेच्या वर. त्यात आपल्याकडचं पावसाचं पाणी कोमट, म्हणजे मुळांची आणि जिवाणूंची भूकही जास्त. एक-दोन दिवसांत सगळा साठा फस्त.

मग मूळ ऑक्सिजनशिवाय साखर वापरू लागतं. एरवी ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, तीसेक रेणू मिळतात, इथे फक्त २. वर लॅक्टिक आम्ल आणि अल्कोहोल साचतं. पेशी आंबट झाली की पाणी आत घेणाऱ्या तिच्या बारीक वाटा, ज्यांना ॲक्वापोरिन म्हणतात, त्या मिटतात. दारात पूर आणि माठ रिकामा, अशी गत. रोप पानांची रंध्रं बंद करून घेतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, आणि वाढ थांबते.

पिवळेपणा मात्र नत्राच्या तुटीचा. ऑक्सिजन नसला की मातीतले काही जिवाणू नायट्रेटवर, म्हणजे मुळं घेतात त्या रूपातल्या नत्रावर, भागवतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. रोप मग जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्यांना देतं. त्यातच गुदमरलेल्या मुळांकडून एक पदार्थ वर येतो आणि पानांत त्याचं इथिलीन होतं. केळी पिकवतो तोच हा वायू, पानांना लवकर म्हातारं करणारा. वांग्याची खालची चार पानं गळाली तर वांग्याचं फार बिघडत नाही. पालकाचं पान हाच माल, त्यामुळे तुझं नुकसान थेट जुडीत दिसतं. आता नत्र गेलंय म्हणून तू युरिया टाकणार, पण ते घेणारं मूळच बंद पडलंय. पैसे पाण्यात, अक्षरशः.

इथे कळव्याला रुळांलगत भाजीचे पट्टे आहेत, तुला आठवत असतील. (त्या भाजीला कुठलं पाणी देतात यावरून वाद आहेच. मी ती खात नाही, नुसती बघतो.) भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आले की नाल्यांचं पाणी खाडीत उतरत नाही आणि वाफे भरून राहतात. परवा तिथल्या माळीदादांनी मला दोन-तीन रोपं उपटू दिली. उंचवट्यावरच्या पालकाची मुळं पांढरी, केसाळ. खोलगट भागातल्या रोपाची तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा. वास सडक्या अंड्याचा. तू हेच कर, चार-पाच ठिकाणची रोपं उपटून बघ. पांढरी टोकं दिसली तर आशा आहे. साल सुटत असेल तर तो वाफा सोडून दे, तिथे बुरशी शिरली असणार.

आणि उघडीप मिळाली, ऊन पडलं की खूश होऊ नकोस. पावसात तग धरलेली रोपं उन्हाच्या पहिल्या दिवशीच माना टाकतात. पानांतून पाणी उडायला लागतं आणि मूळ पुरवू शकत नाही. शिवाय उपाशी पेशींना एकदम ऑक्सिजन मिळाला की त्यातूनही घातक रेणू तयार होतात. तेव्हा घाबरून पाणी मात्र देऊ नकोस.

मला विचारशील तर दोष पावसाचाही नाही आणि बियाण्याचाही नाही. तू पालक भाताच्या खाचरात लावलास. वर्षानुवर्षं चिखलणी करून त्या जमिनीखाली घट्ट थर बसलाय, आणि तो पाणी धरून ठेवायलाच असतो. भाताला ते चालतं, कारण त्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या तयार होतात आणि पानांतली हवा खाली पोचते. अळूचंही तसंच. देठ आडवा काप, उजेडात धर, जाळी दिसेल. नाळीच्या भाजीचे देठ तर सरळ पोकळच. पालक, मेथी, कोथिंबीर यांच्याकडे ही सोय नाही म्हणण्याइतकी थोडी.

म्हणून यंदा बांध फोडून चर काढ, दोन ओळींमध्ये फावडं जाईल एवढा तरी. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की वरची खपली हलक्या हाताने मोड, मुळांना धक्का न लावता. नवी पानं फुटताना दिसली तरच युरियाची फवारणी कर, १ टक्क्याच्या आत, संध्याकाळी. पुढच्या वर्षी खाचर भाताला परत दे. पालक वरकस, म्हणजे माळाच्या, जमिनीच्या उतारावर, उंच केलेल्या गादीवाफ्यावर घे. त्या माळावर नाचणीशिवाय काही होत नाही असं काका म्हणायचे, पण निचऱ्याला तिच्यासारखी जागा तुझ्याकडे दुसरी नाही.

पावसाळ्यात पालकाच्या मागे लागावंच का, हाही माझा एक प्रश्न आहे. जांभळी नाक्याला मुरबाडकडच्या बायका टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन बसतात आणि त्यांचा माल दुपारपर्यंत उरत नाही. तुझ्या बांधावर तो फुकट उगवतो. वहिनींना विचार, त्यांना ह्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मुळं कशी निघाली ते कळव, फोटोसकट. मेथीचं बी पाऊस पुरता ओसरल्याशिवाय टाकू नकोस. काकूंना नमस्कार.

तुझा,
दिग्या