आर्थर सीटला जाताय तर

वाई

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात ओवीला घेऊन महाबळेश्वरला जायचं ठरवताय, एका दिवसात बारा पॉइंट दाखवणारी गाडी बघताय, असं काल म्हणालास. फोनवर ओवीच्या गडबडीत धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. बारा पॉइंट नका करू. पसरणी घाटातच तिला मळमळायला लागतं, पुढं दिवसभर गाडीतून चढ-उतार कशाला? एकटं आर्थर सीट करा आणि सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात ऊन चढलं की दरी धुरकटते, मग समोरचं काही दिसत नाही.

तिथं उभं राहिलात की एका अंगाला सावित्रीची दरी, काळ्याकभिन्न कड्यांवरून थेट कोकणात उतरलेली. दुसऱ्या अंगाला जोर गावाचं हिरवं खोरं, ते कृष्णेचं. ओवीला हे दोन्ही नीट दाखव. वाटेत क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात थांबा. या नद्या तिथल्या एकाच गोमुखातून निघतात अशी आपली श्रद्धा. पण सावित्री पश्चिमेला वळून बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र बलकवडी, धोम करत आपल्या गणपती घाटाशी येते आणि पुढं सांगली, कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. ज्या पाण्यात ओवी सुट्टीत पाय सोडून बसते, ते या डोंगरातून येतं, हे तिला तिथं उभं राहूनच कळू दे.

गाइड आर्थर मॅलेटची गोष्ट सांगतील. या कड्यावर घर बांधून राहिलेला इंग्रज अधिकारी. त्याची बायको आणि तान्हं मूल सावित्रीच्या पाण्यात बुडाले. ओवीसमोर ती फार रंगवू देऊ नकोस.

एक गंमत मात्र तिला जरूर दाखव. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर उसळतो, त्यामुळे हलकी वस्तू दरीत टाकली की तरंगत परत वर येते. लोक त्यासाठी बाटल्यांची झाकणं टाकतात आणि वारा पडला की ती तशीच खाली जंगलात राहतात. मला ते बघवत नाही. तुम्ही वाळकं पान टाका, तेही वर येतं. माकडं आहेत, हातातली पिशवी सांभाळा.

आता दुकानांचं. वाहनतळापासूनच स्टॉल सुरू होतात. किचेन, प्लास्टिकच्या बंदुका, चमकणारे चष्मे. यातलं बरंचसं कुठल्याही जत्रेत मिळतं. ओवी हट्ट करेल, एखादी वस्तू घेऊन दे, पोरच आहे. पण आठवण म्हणून घरी न्यायची ती त्या डोंगराची असावी असं मला फार वाटतं. आसपासच्या वाड्यांतल्या बायका टोपली घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्याकडून करवंदं घ्या. बाई पान दुमडून त्याला काडी टोचते, की झाला द्रोण, तो बनताना ओवीला बघू दे. करवंदाचा चीक बोटांना चिकटतो, तो निघेपर्यंत तिला डोळे चोळू देऊ नका. त्या बायांशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नकोस. पहाटे काटेरी जाळ्यांत हात घालून तोडलेली असतात ती. स्ट्रॉबेरी तोवर संपत आलेली असेल. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तिच्यासाठी थंडीत या.

मध मात्र आठवणीनं आणा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवतात. स्टॉलवर घेतलात तर कुणी काढला, कोणत्या फुलोऱ्याचा, एवढं विचार. ज्याच्या घरच्या पेट्या असतील तो भरभरून बोलेल. मला जांभळीचा हवा, काळसर आणि किंचित तुरट असतो तो. मध पुढं गोठला तर मधुरा म्हणेल साखर घातलीय. नुसता गोठला म्हणून तो भेसळीचा ठरत नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो.

परतताना वेळ उरला तर पाचगणीच्या अलीकडे भिलारला वळा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, कुणीही बसून वाचावीत. ओवीला तिथं हव्या तितक्या गोष्टी वाचू द्या, घाई करू नका.

शनिवार-रविवार टाळा, घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. बुधवारी आलात तर संध्याकाळी सातपर्यंत घरी पोहोचाल. मी पिठलं-भाकरी करून ठेवते, बाबांना ओवीसाठी आमरस करायचाय. मधाच्या दोन बाटल्या आणा, एक सांगलीच्या आत्याला पाठवायची आहे.

तुझी,
आई