विषय: मोठ्या फोटोंसाठी घेतलेले गमवाले फोमबोर्ड वाकले, प्रिंट वाया गेल्या, पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

नमस्कार,

तुमच्या वेबसाइटवरनं मी ५ एमएमचे, एका बाजूला गम असलेले फोमबोर्ड मागवले होते, साइज २४ बाय ३६ इंच, बिल आणि ऑर्डर नंबर मेलला जोडलाय. चॅटवर तुमच्या माणसाशी बोलून झालं, त्यानं "प्रॉडक्ट ओपन केल्यावर रिटर्न नाही सर" आणि "तुमच्या भागात ह्युमिडिटी जास्त आहे" एवढंच परत परत टाकलं, म्हणून आता रीतसर लेखी तक्रार करतोय. जरा सविस्तर लिहितोय कारण सगळं कोल्हापूरच्या हवेवर ढकलून तुम्हाला मोकळं होता येणार नाही.

आमच्या ग्रुपचं शाहू स्मारक भवनच्या आर्ट गॅलरीत प्रदर्शन होतं, माझे फोटो गुऱ्हाळाचे, रात्रीचे, काईलीतनं (उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईतनं) उठणारी वाफ, चुलवाणाचा उजेड, असे. काचेची फ्रेम या साइजला परवडत नाही आणि काचेत लाइट चमकतात ते वेगळंच, म्हणून बोर्डवर माउंट करायचं ठरलं. तुमच्या पेजवर लिहिलंय की "कुठल्याही मोठ्या फोटो प्रिंटसाठी", "नुसतं सोला आणि चिकटवा", "चुकलं तर काढून परत लावा". यातलं एकही खरं निघालं नाही.

पहिलं म्हणजे गम सगळीकडं सारखा नव्हता. गमावरचा कागद सोलल्यावर बोर्ड तिरका धरून बघितला तर मधी मधी पट्टेच्या पट्टे कोरडे, बोट लावलं तरी चिकटत नव्हतं. सूचनेत लिहिलंय "हाताने दाबा", अहो पण हा गम दाबावर धरणारा असतोय, तीन फूट लांब प्रिंटवर तळहातानं सारखा दाब येणार कसा? तरी मी मऊ कापड गुंडाळलेल्या पट्टीनं मधनं कडेकडं हवा काढत गेलो. लावताना प्रिंट सपाट दिसली, सकाळी बघतो तर जिथं गम कोरडा होता बरोबर तिथं फुगे. गुळव्याचा क्लोजअप आहे, काईलीवर वाकून पाक बघताना, त्याच्या गालावर हरभऱ्याएवढा फुगा. गॅलरीत लाइट वरनं तिरका पडतो, त्यात लस्टर म्हणजे थोडी चमक असलेला फोटो पेपर, म्हणजे फोटो बाजूला आणि आधी फुगाच दिसणार.

मग तुमच्या पेजवरचं "काढून परत लावा" वाचून एक कोपरा अगदी सावकाश उचलला, तर बोर्डाचा वरचा कागदच प्रिंटबरोबर सोलून आला आणि प्रिंटला चुणी पडली, काळ्या भागात पडली म्हणून ती पांढरी रेघ आता कुठनंही दिसते. ती प्रिंट गेलीच. बोर्डापेक्षा प्रिंटचा खर्च जास्त असतोय हे तुम्हाला सांगायला नको.

बाकीचे जे नीट चिकटले ते वाकले, चारी कोपरे पुढच्या बाजूला उचलून आले. याचं कारण हवा नाही, बोर्डाची बनावट आहे. फोमबोर्ड म्हणजे मधी थर्माकोलसारखा फोम आणि दोन्ही अंगाला कागद. पुढनं प्लास्टिक कोटिंगवाली प्रिंट लागली की ओल त्या बाजूनं जात नाही, मागचा कागद मात्र उघडा, तो ओल पितो, ताणतो आणि बोर्ड पुढं वळतो. मागनंही तसाच थर लावला की दोन्ही बाजू बरोबरीत राहतात, माउंटिंगचं काम करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतंय. तुमच्या सूचनेत यावर एक ओळ नाही, वर चॅटवरचा माणूस सांगतो कोपऱ्याला फेव्हिकॉल लावा! त्यात पाणी असतं, बोर्डाचा कागद अजून फुगणार, आणि प्रिंटच्या मागं प्लास्टिक असल्यामुळं ते नीट वाळणारही नाही.

आता ह्युमिडिटीचं. शेवटी घाईघाईत प्रिंट नव्यानं छापून घेऊन उद्यमनगरातल्या एका डिजिटल प्रिंटवाल्याकडं गेलो. त्यानं ५ एमएमचा सनबोर्ड घेतला, दोन्ही बाजूंनी गम असलेली फिल्म आधी प्रिंटच्या मागं लावली, मग प्रिंट आणि बोर्ड कोल्ड लॅमिनेशनच्या (गरम न करता नुसत्या दाबानं चिकटवायच्या) मशीनच्या दोन रबरी रोलरमधनं एकदम काढले. एक फुगा नाही. तोच पाऊस, तीच गॅलरी, तोच पेपर, आणि माउंटिंगचा खर्च तुमच्या बोर्डापेक्षा कमी. सनबोर्ड पीव्हीसीचा, पाणी पीत नाही म्हणून सरळ राहतो. उन्हाच्या भिंतीवर लावला तर तो मऊ पडून वाकू शकतो, पण हे त्या पोरानं मला आधीच सांगितलं, तुमच्यासारखं लपवलं नाही. ज्याला जड चालतं त्यानं ३ एमएमचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) घ्यावा, आठ बाय चारच्या एका शीटमधनं या साइजचे पाच तुकडे निघतात, फक्त दोन्ही बाजू आणि कडा सीलर मारून बंद करायच्या. म्हणजे स्वस्तात काम होत नाही असं अजिबात नाही, ते नीट करावं लागतं आणि गिऱ्हाइकाला खरं सांगावं लागतं.

मला सगळ्यात जास्त राग "कुठल्याही प्रिंटसाठी" या शब्दांचा आलाय. माझ्या प्रिंट परत काढता येतात, फाइल आहे. पण कुणी आजोबांचा एकुलता एक जुना फोटो, निगेटिव्ह पण शिल्लक नाही असा, हे वाचून तुमच्या बोर्डवर चिकटवला तर तो कायमचा गेला की ओ. असल्या फोटोला मागनं पूर्ण गम लावायचाच नसतो, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं लावून फोटो लटकता ठेवतात, म्हणजे कधीही सुटा करता येतो. हे पेजवर ठळक लिहा, आजच लिहा.

माझं म्हणणं असं की बोर्डाचे पूर्ण पैसे, खराब झालेल्या प्रिंटचा खर्च (लॅबचं बिल जोडलंय) आणि डिलिव्हरी चार्ज परत द्या, आणि "काढून परत लावा" हे वाक्य पेजवरनं काढा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणं तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो, तेवढी वाट बघतो. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला तिथं फी पण लागत नाही. आणि तिथं गेलो तर मागणीत मनस्तापाची भरपाईही असेल.

फुग्यांचे, कोरड्या पट्ट्यांचे आणि वाकलेल्या बोर्डाला फूटपट्टी लावून काढलेले फोटो सोबत आहेत. बोर्ड एकही फेकलेला नाही, सगळे बांधून ठेवलेत, पिकअपला माणूस पाठवा आणि यायच्या आदल्या दिवशी फोन करायला सांगा.

आपला ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर